विश्लेषण : ओठांतले फिलर ओठांबाहेर का जाते? ते ओळखायचे कसे आणि उपाय काय?

जुलै २०२५ मध्ये उर्फी जावेदने समाजमाध्यमावर एक चित्रफीत टाकली. ओठांतले फिलर विरघळवण्यासाठी डॉक्टर इंजेक्शन देत आहेत आणि काही वेळाने तिचा चेहरा सुजून ओळखू न येण्याइतका बदलला आहे, असे त्यात दिसत होते. फिलर योग्य जागी नव्हते म्हणून ते काढून टाकत असल्याचे तिने सांगितले. चित्रफितीवर भरपूर विनोद झाले, पण त्यामुळे एरवी दवाखान्याच्या दाराआड राहणारा विषय चर्चेत आला. ओठ भरून घेण्याचे उपचार आता मुंबई-पुण्याबाहेर नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांतही होतात. ते करून घेणाऱ्या अनेकींना काही महिन्यांनी आरशात वरच्या ओठावर फुगवटा दिसू लागतो. त्यालाच ‘फिलर मायग्रेशन’ म्हणजे फिलर सरकणे म्हणतात. हे का होते, घाबरायचे कधी आणि थांबायचे कधी, याविषयी...

ओठांत भरतात ते नेमके काय?

सध्या ओठांसाठी प्रामुख्याने वापरले जाते ते हायल्युरॉनिक ॲसिडचे जेल. नावात ‘ॲसिड’ असले तरी ते जळजळ करणारे आम्ल नव्हे. आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांतही हा पदार्थ नैसर्गिकरीत्या असतो. कार्ल मेयर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये तो गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या द्रवातून वेगळा केला. पाणी धरून ठेवणे हा त्याचा मुख्य गुण. शरीरातील नैसर्गिक हायल्युरॉनिक ॲसिड झपाट्याने मोडते आणि पुन्हा तयार होते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात ते साधारण १५ ग्रॅम असते आणि त्यातील जवळपास एक तृतीयांश रोज बदलते. फिलर इतक्या लवकर संपू नये म्हणून त्याच्या साखळ्या रासायनिक पद्धतीने एकमेकींना बांधून घट्ट जेल बनवतात.

त्याआधी गाईच्या कातडीपासून मिळवलेले कोलॅजन वापरत. त्याची काहींना ॲलर्जी येई, म्हणून आधी त्वचेवर चाचणी घ्यावी लागे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘रेस्टिलेन’ या हायल्युरॉनिक ॲसिड फिलरला डिसेंबर २००३ मध्ये चेहऱ्यावरील घड्यांसाठी आणि ऑक्टोबर २०११ मध्ये ओठांसाठी मान्यता दिली. ओठांसाठीची मान्यता २१ वर्षांवरील व्यक्तींपुरती होती, हे विशीच्या आत सिरिंजकडे वळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

फिलरची सिरिंज साधारणतः १ मिलिलिटरची असते. म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. एवढे थोडे जेल चेहरा बदलू शकते, कारण ओठ ही फार लहान जागा आहे. त्यामुळे थोडे जास्त झाले तरी ते लगेच दिसते.

फिलर ‘सरकते’ म्हणजे काय होते?

ओठाचा लाल भाग आणि त्याभोवतीची त्वचा यांच्यामध्ये एक बारीक उंचवट्याची कड असते. ओठ रेखीव दिसतात ते या कडेमुळे. वरच्या ओठावरचा धनुष्यासारखा आकार आणि नाकाखालची छोटी पन्हळ याच कडेपाशी मिळतात. फिलर लाल भागात राहिले तर ओठ भरीव दिसतात. पण ते कड ओलांडून वरच्या त्वचेखाली गेले, की रेषा पुसट होते आणि ओठांऐवजी ओठांच्या वरचा भाग फुगतो. कधी ते आतल्या बाजूला, दातांकडील ओलसर अस्तराखालीही जमा होते.

‘सरकणे’ या शब्दाबद्दल डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. काही तज्ज्ञांच्या मते बहुतेक वेळा फिलर नंतर चालत जात नाही. ते मुळातच चुकीच्या थरात टाकलेले असते किंवा जास्त भरल्याने इंजेक्शनच्या वेळीच दाबाखाली बाजूला पसरते. सुरुवातीच्या सुजेत ते झाकले जाते आणि सूज उतरल्यावर उघडे पडते. उपचार घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा परिणाम एकच, जिथे नको तिथे जेल.

असे का होते?

पहिले कारण अतिभरण. पिशवीत मावेल त्याहून जास्त भरले तर शिवण उसवते, तसेच इथे होते. ओठ मुळात पातळ आणि घट्ट असतील तर त्यात जागाच कमी असते. अशा ओठांवर एकाच बैठकीत मोठा बदल मागितला, की जेल वाट मिळेल तिकडे जाते.

दुसरे कारण तंत्र. सुई कोणत्या थरात गेली, जेल किती जोराने ढकलले, ते कडेच्या किती जवळ टाकले, यावर बरेच अवलंबून असते. कडेच्या बाहेरून सुई घालून ओठांत उभ्या रेषांमध्ये फिलर सोडण्याची पद्धत समाजमाध्यमांवर लोकप्रिय आहे. त्यात सुई बाहेर काढताना तिच्या मार्गात जेल राहिले, तर ते कडेवरच्या त्वचेखाली उरू शकते.

तिसरे कारण जेलची निवड. सगळी फिलर सारखी नसतात. काही मऊ आणि पसरणारी, तर काही घट्ट असतात. काही जास्त पाणी ओढून नंतर फुगतात. गालासाठीचे जेल ओठांत टाकले तर ते नीट बसत नाही.

चौथे कारण हालचाल. ओठांभोवती गोल स्नायू असतो. बोलणे, खाणे, हसणे, चहा फुंकून पिणे, या सगळ्यांत तो सतत आकुंचन पावतो. इंजेक्शननंतरच्या दिवसांत मनाने जोरात चोळले किंवा दाबले, तर मऊ जेल हलण्याची शक्यता वाढते.

पाचवे कारण ‘टॉप-अप’. ओठांतले फिलर साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते असे सांगितले जाते. पण फुगवटा कमी दिसणे म्हणजे जेल पूर्ण संपणे नव्हे. चेहऱ्याच्या इतर भागांत तर अनेक वर्षांनंतरही फिलर शिल्लक असल्याचे एमआरआय तपासणीत दिसले आहे. जुने उरलेले असतानाच ठरावीक मुदतीने नवे भरत राहिले, तर दर वेळी थोडे थोडे जेल कडेबाहेर साचते. वर्षानुवर्षे फिलर घेणाऱ्यांत ही तक्रार जास्त का दिसते, त्याचे उत्तर इथे आहे.

ते ओळखायचे कसे?

खिडकीजवळ, नैसर्गिक उजेडात, मेकअप न करता पाहावे. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि हसताना अशी छायाचित्रे काढावीत. फिलर घेण्यापूर्वीचा एखादा फोटो शेजारी ठेवल्यास फरक पटकन कळतो. पुढील खुणा दिसतात का, ते तपासावे :

– वरच्या ओठाची कड पुसट झाली आहे. लिपस्टिक कुठे थांबवायची ते समजत नाही.

– ओठाच्या वर मिशीच्या जागी फिकट फुगीर पट्टा दिसतो किंवा तिथे सावली पडते.

– बाजूने पाहिल्यावर वरच्या ओठावर फळीसारखा उंचवटा दिसतो आणि ओठ बदकाच्या चोचीसारखे पुढे आलेले वाटतात.

– नाकाखालची पन्हळ सपाट झाली आहे.

– हसताना वरचा ओठ ताठ राहतो किंवा त्यावर आडवी घडी पडते.

– ओठाच्या आत जिभेला मऊ गाठ लागते.

यातील एखादी खूण असली म्हणजे फिलर सरकलेच असे नाही. काहींच्या ओठांची ठेवणच तशी असते. शंका असेल तर उच्च वारंवारितेच्या सोनोग्राफीत जेल नेमके कुठे आहे हे दिसू शकते. ही सोय सगळीकडे नसली, तरी गुंतागुंतीच्या किंवा अनेकदा भरलेल्या ओठांसाठी ती उपयोगी ठरते.

सूज आणि सरकलेले फिलर यांत फरक कसा करायचा?

काळ हा सोपा निकष आहे. इंजेक्शननंतरचे पहिले दोन-तीन दिवस ओठ भरपूर सुजतात. एक बाजू जास्त, एक कमी, थोडे निळे डाग आणि बोटांना लागणारे लहान उंचवटे, हे सारे या काळात नेहमीचे असते. बहुतेक सूज दोन आठवड्यांत ओसरते. म्हणून निकाल ठरवण्याची घाई करू नये. दोन ते चार आठवड्यांनंतरही कडेबाहेरचा फुगवटा तसाच असेल, तर तपासणी करून घ्यावी. सरकलेले फिलर सहसा दुखत नाही, लाल होत नाही आणि गरम लागत नाही.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अचानक ओठ लाल, गरम, दुखरे झाले किंवा टणक गाठी आल्या, तर तो प्रकार वेगळा. त्यामागे जंतुसंसर्ग किंवा शरीराची उशिराने उमटलेली प्रतिक्रिया असू शकते. ज्यांना ओठांवर वारंवार नागीण प्रकारचे फोड येतात, त्यांना सुई टोचल्यानंतर ते पुन्हा येऊ शकतात. हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

तातडीने धाव कधी घ्यायची?

फिलर सरकणे ही आणीबाणी नाही. आणीबाणी असते ती फिलर रक्तवाहिनीत शिरल्याने किंवा रक्तवाहिनी दाबली गेल्याने रक्तपुरवठा थांबण्याची. ओठांमधून वर आणि खाली रोहिण्या जातात, त्यामुळे ओठांत हा धोका नेहमीच असतो. ओठ किंवा आजूबाजूची त्वचा पांढरीफटक पडणे, त्यावर जाळीसारखे जांभळे चट्टे उमटणे, भाग गार पडणे, अपेक्षेपेक्षा जास्त आणि वाढत जाणारे दुखणे ही त्याची लक्षणे. भूल दिलेली असल्यास दुखणे जाणवत नाही, म्हणून रंगाकडे लक्ष द्यावे. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला भाग दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. दृष्टी धूसर झाली किंवा डोळ्यात दुखू लागले, तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. असे क्वचित होते, पण झाल्यास तासांचा हिशोब असतो. ‘उद्या सकाळी या’ हे उत्तर अशा वेळी स्वीकारू नये.

फिलर विरघळवतात कसे?

हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर असेल तर ‘हायल्युरोनिडेज’ हे विकर इंजेक्शनने देतात. ते जेलच्या साखळ्या तोडते आणि उरलेले शरीर शोषून घेते. हे औषध नवे नाही. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भुलीचे औषध नीट पसरावे म्हणून ते अनेक दशके वापरले जाते. फिलर विरघळवण्यासाठीचा वापर मात्र औषधाच्या मूळ मान्यतेबाहेरचा आहे. जगभर तो रूढ आहे, तरी डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगून लेखी संमती घ्यायला हवी.

परिणाम काही मिनिटांत ते तासांत सुरू होतो आणि मोठा फरक एक-दोन दिवसांत दिसतो. कडेबाहेर थोडेच जेल असेल तर फक्त तेवढ्याच भागात औषध देण्याचा प्रयत्न होतो. पण औषध आजूबाजूला पसरतेच, त्यामुळे नको तेवढेच नेमके काढता येईल याची खात्री देता येत नाही. अनेकदा भरलेल्या ओठांत सगळेच विरघळवून नव्याने विचार करणे जास्त सोयीचे ठरते. घट्ट जेल किंवा जुने थर असतील तर दोन-तीन बैठका लागतात.

विरघळवण्याचे धोके काय?

इंजेक्शन दुखते. त्यानंतर ओठ आणि आसपासचा चेहरा बराच सुजू शकतो, उर्फीच्या चित्रफितीत दिसली ती हीच सूज. ती बहुधा काही दिवसांत उतरते. खरा धोका ॲलर्जीचा. मधमाशी आणि गांधीलमाशीच्या विषातही हायल्युरोनिडेज असते, त्यामुळे ज्यांना त्यांच्या दंशाने तीव्र ॲलर्जी झाली आहे, त्यांनी ते आवर्जून सांगावे. काही डॉक्टर आधी त्वचेवर छोटी चाचणी घेतात. रक्तपुरवठा थांबल्याच्या आणीबाणीत मात्र चाचणीसाठी थांबत नाहीत. ॲड्रिनॅलिन आणि आपत्कालीन उपचारांची तयारी नसलेल्या ठिकाणी हे इंजेक्शन घेऊ नये. गर्भवती आणि स्तनदा मातांनी तातडीची गरज नसेल तर हा उपचार पुढे ढकलणेच बरे.

‘माझे मूळचे ओठही विरघळतील का,’ ही भीती बऱ्याच जणींना वाटते. औषध शरीरातील नैसर्गिक हायल्युरॉनिक ॲसिडवरही काम करते, हे खरे. पण ते शरीर रोजच नव्याने बनवत असते. त्यामुळे काही दिवस ओठ सुरकुतलेले, रिकामे वाटले तरी ते सावरतात. भरलेल्या ओठांची सवय झालेल्या डोळ्यांना मूळचे ओठही आधी होते त्याहून लहान वाटतात. जुना फोटो जवळ ठेवण्याचा इथेही उपयोग होतो.

सगळीच फिलर विरघळतात का?

नाही. कॅल्शियम हायड्रॉक्सीॲपेटाइट, पॉलिलॅक्टिक ॲसिड किंवा पीएमएमए यांच्या फिलरवर हायल्युरोनिडेज चालत नाही. द्रव सिलिकॉन तर कायम राहते, पसरते आणि वर्षांनंतरही गाठी करते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते फिलर म्हणून मान्य केलेले नाही. अशा पदार्थांसाठी कधी स्टेरॉइडची इंजेक्शने, कधी शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. म्हणून ओठांत काय टाकले आहे हे माहीत असणे सर्वात महत्त्वाचे. सिरिंजच्या खोक्यावर नाव आणि बॅच क्रमांकाचे स्टिकर असते. ते मागून घ्यावे किंवा त्याचा फोटो काढावा. बंद खोके समोर उघडायला सांगणे हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यात संकोच कसला?

घरगुती उपाय चालतात का?

सरकलेले जेल मालिश करून जागेवर येत नाही. जोरात चोळल्याने सूज, जखम आणि आणखी पसरण्याचा धोका वाढतो. गरम शेक, वाफ, तुरटी, बर्फ लावून बसणे यांनीही फिलर विरघळत नाही. ऑनलाइन मिळणारे विरघळवणारे औषध घरी टोचून घेणे तर जिवावर बेतू शकते. सुईविना दाबाने फिलर सोडणाऱ्या ‘हायल्युरॉन पेन’ प्रकारच्या उपकरणांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला होता.

काहीच न करणे हाही पर्याय आहे. फुगवटा किरकोळ असेल आणि त्रास नसेल, तर नवे भरणे थांबवून वाट पाहता येते. हळूहळू तो कमी होऊ शकतो, मात्र त्याला किती महिने लागतील हे सांगता येत नाही.

कोणाकडे जावे? कायद्याचा आधार काय?

फिलर हा पार्लरचा नव्हे, वैद्यकीय उपचार आहे. सौंदर्योपचार आणि केशरोपण प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावे, चित्रफिती पाहून किंवा कार्यशाळेला हजेरी लावून ते शिकता येत नाहीत, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये घेतली. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडे जावे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदणी तपासता येते. ज्यांनी फिलर भरले त्यांच्याकडेच दुरुस्तीसाठी जाण्याची सक्ती नाही. दुसरे मत घेता येते आणि अनेकदा ते घ्यावेच.

आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या उपचारांचा खर्च सहसा देत नाही. त्यामुळे आधी भरण्याचा, मग विरघळवण्याचा आणि पुन्हा भरण्याचा, असा तिहेरी भार खिशावर पडतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणात स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण परिणाम मनासारखा नाही, एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. बिल, संमतीपत्र, स्टिकर, आधीचे-नंतरचे फोटो आणि संदेशांची देवाणघेवाण जपून ठेवली तरच तक्रारीला वजन येते. ‘बिल नको, थोडे कमी घेते,’ हा सौदा नेमका इथेच महागात पडतो.

पुन्हा भरायचे असेल तर?

विरघळवल्यानंतर किमान दोन आठवडे थांबावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. सूज पूर्ण उतरून मूळ आकार दिसू लागेपर्यंत अधिक थांबणे चांगले. परत भरताना कमी प्रमाण, अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी, आणि दोन बैठकांत पुरेसे अंतर ठेवल्यास ऊती ताणल्या जात नाहीत. सहा महिने झाले म्हणून नव्हे, गरज दिसली तरच भरावे. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस जोराचा व्यायाम, वाफ, मद्यपान टाळावे आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओठ दाबू नयेत.

लग्नसराईत हा हिशोब हमखास चुकतो. साखरपुड्याच्या आठवड्यात भरलेले ओठ फोटोत सुजलेलेच दिसतात. काही बिघडले तर विरघळवणे, थांबणे आणि पुन्हा भरणे यांत महिना सहज जातो. तेव्हा पहिल्यांदाच फिलर घेणार असाल तर कार्याच्या किमान दीड-दोन महिने आधी घ्यावे. ओठ तपासून ‘तुमच्या ओठांत आणखी जागा नाही,’ असे सांगणारे डॉक्टर भेटले, तर त्यांचे ऐकावे. नकार देणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावतो, पण पुढचा विरघळवण्याचा खर्च आणि मनस्ताप वाचवतो.